पहिल्या रांगेत बाबा

ठार बहिऱ्या माणसाला गाण्याच्या कार्यक्रमाला घेऊन जाणारी बाई एक तर वेडी असते, नाही तर डूख धरून बसलेली. मी दुसऱ्या जातीची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको.

गेल्या थंडीत आमच्या बऱ्हाणपुरातल्या लालबागच्या चौकात पोस्टर लागलं. व्यापाऱ्यांच्या मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांनी मुंबईहून एक गायिका बोलावली होती. पोस्टरवर तिचा तीस वर्षांपूर्वीचा फोटो होता, बॉयकट केस आणि एकाच कानात लांब चांदीचं डूल. मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच थांबले. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. माझ्या सतराव्या वर्षी ही बाई माझं सगळं काही होती. मी तिच्यासारखे केस कापून घेतले होते, आणि तसं डूल मिळालं नाही म्हणून आईच्या झुमक्यांची जोडी फोडून एकच कानात घालून हिंडले होते. आता म्हणे ती गावोगाव एकटीच येते, स्टुलावर बसते, स्वतःची जिंदगी सांगते आणि मधूनमधून गाते. ना ऑर्केस्ट्रा, ना मागे नाचणारी पोरं.

आमचे हे त्या मंडळात आहेत. जैनाबादला आमची केळीची बाग आहे, माल पाठवायचं सगळं हेच बघतात. "पहिल्या रांगेचे दोन पास मिळतील," हे म्हणाले, "तू आणि पोरगी जा."

"मी आणि बाबा जाऊ," मी म्हटलं.

यांनी एकदा वर बघितलं आणि परत मोबाईलमध्ये डोकं घातलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणसाला कळतं कुठे बोलायचं नाही. पोरगी मात्र बोललीच. "मम्मी, सीरियसली? आजोबा वहाँ बैठके करतील काय? त्यांना तर ढोल पण ऐकू नाही येत ना."

"बघतील," मी म्हटलं. "डोळे आहेत ना."

माझे बाबा कागद कारखान्यात होते. आम्ही मूळ जळगावकडचे, पण माझा जन्म कारखान्याच्या कॉलनीतला, बऱ्हाणपूरपासून तासाभराच्या वाटेवर. बाबांनी उभा जन्म मशीनवर काढला. कागदाचं मशीन म्हणजे एका टोकाला लगदा, दुसऱ्या टोकाला कोरडा कागद, आणि मधे इतका आवाज की शेजारच्या माणसाची शिंकसुद्धा ऐकू यायची नाही. कानात घालायला बोळे मिळायचे, पण बाबा घालायचे नाहीत. मशीन बिघडायच्या आधी त्याचा सूर बदलतो, तो कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

तर तिथली माणसं हातानं बोलायची. दोन मुठी जोडून झटक्यात वेगळ्या केल्या की कागद तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा. मिशीवर बोट फिरवलं की साहेब येतोय. आणि एक हात गोल फिरवत दुसऱ्याचा तळवा उघडा दाखवला की मशीन रिकामं चालतंय, म्हणजे रूळ फिरताहेत, वाफ आहे, सगळं आहे, वर कागद नाही. ह्या खुणा कारखान्यातून घरोघरी आल्या होत्या. बायका गच्चीवरून नवऱ्याला हातानंच सांगायच्या की दूध नासलं, सासू आली. आम्ही पोरं वर्गात मास्तरांच्या पाठीमागे हीच भाषा बोलायचो. त्यामुळे बाबा घरात तोंडापेक्षा हातानं जास्त बोलतात, हाक मारली तरी वर बघत नाहीत, याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. सगळ्यांचेच बाप तसे होते.

रिटायर झाल्यावर त्यांचे कान गेले, वय झालं म्हणून. असं आम्ही धरून चाललो होतो. सहा वर्षांपूर्वी आई गेली आणि मी त्यांना लालबागला घेऊन आले. कानाचं यंत्र आणलं, ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी डब्यात ठेवून दिलं. आमचं सगळं खुणांवर चालतं, आणि समोर बसून सावकाश बोललं की ते ओठ वाचतात.

आता डूख कशाचा, ते सांगते.

सतराव्या वर्षी मी गात होते. चांगलं गात होते. हे मीच म्हणतेय, कारण दुसरं कुणी म्हणायला आता उरलेलं नाही. कॉलनीच्या गणपतीत मी तिच्या कॅसेटच्या बी साईडचं पहिलं गाणं म्हटलं. ए साईडची गाणी पोराबाळांना पाठ होती, पण बी साईडचं हे गाणं संथ होतं, आणि शेवटी एका उंच सुरावर जाऊन तिथेच थांबायचं होतं. मी त्या सुरावर थांबले आणि मांडव गप्प झाला. दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेचे संगीताचे मास्तर घरी आले. इंदूरला एक कॅसेट कंपनी नवे आवाज ऐकून घेणार होती. मास्तर त्यांच्या बायकोसोबत मला घेऊन जायला तयार होते, फक्त बाबांचं हो पाहिजे होतं.

बाबा पहिली पाळी करून आले होते, बनियनवर खाटेवर बसलेले. मास्तर म्हणाले, "तुम्ही स्वतः ऐका आणि तुम्हीच सांगा, पोरीचा गळा कसा आहे." मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि ते गाणं म्हटलं, पूर्ण. बाबांनी माझ्यावरची नजर एकदाही हलवली नाही. त्याआधी कधी त्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मला वाटलं, झालं, इंदूर पक्कं.

"काय वाटतं?" मास्तरांनी विचारलं.

बाबा म्हणाले, "साधारण आहे."

कारखान्यात तयार रिळावर चिठ्ठी लागायची, उत्तम, साधारण, रद्दी. माझ्यावर लागली साधारणची. मास्तर अर्धा चहा तसाच टाकून निघून गेले. आईनं कपबश्या उचलल्या. मी आरडाओरड केली नाही, रडले नाही. गायचं बंद केलं. भांडी घासताना नाही, नणंदेच्या लग्नात चार बायका मागे लागल्या तेव्हा नाही. पोरगी झाली तर तिला अंगाई म्हटली नाही, टेप लावून दिला. लोक विचारायचे, तू गायचीस ना गं? मी म्हणायचे, साधारण.

बाबांना मात्र कधी विचारलं नाही. काय विचारणार? बापाला पोरीचा गळा साधारण वाटला, तर वाटला. पण मनात एक गोष्ट अडून बसली होती, की त्यांनी तो शब्द मरायच्या आधी एकदा परत घ्यावा. नुसतं म्हणावं, की तेव्हा चुकलं. मला दुसरं काही नको होतं. बाबा आता ऐंशीला टेकलेत, म्हणजे वाट बघायला फार दिवस नव्हते.

पोस्टर बघून आले त्या दुपारी मी मोबाईलवर तिच्या ह्या खेळाचे तुकडे शोधले. एका तुकड्यात ती वडिलांबद्दल सांगते. वडील रेल्वेत लाईनमन होते. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. तरी पोरीला हाताला धरून स्टुडिओपर्यंत घेऊन गेले आणि दिवसभर बाहेर उन्हात उभे राहिले. पहारेकऱ्यानं विचारलं, पोरगी कशी गाते? तर म्हणाले, मला काय कळतं बाबा, पण माझी आहे म्हणजे छानच गात असणार. तो तुकडा मी सात वेळा बघितला. सातव्या वेळी ठरवलं. बाबांना पहिल्या रांगेत बसवायचं, आणि हा किस्सा हातानं, खुणा करून, एकेक शब्द त्यांच्या डोळ्यांपुढे मांडायचा. बघा, बाप असाही असतो. मग काय म्हणतात ते बघू.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता. बाबांनी स्वतः इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला, दाढी केली, केसांना तेल लावलं. ते खूष होते, आणि माझी खरी पंचाईत तिथेच झाली, कारण खूष माणसाचा सूड घ्यायला जीव धजत नाही. "कुणाचं गाणं?" त्यांनी विचारलं. मी फोटो दाखवला. त्यांनी एका कानाच्या पाळीला हात लावला, डूल. मग माझ्याकडे बोट दाखवून दोन बोटांची कात्री केली आणि हसले. माझे केस आठवत होते त्यांना. माझ्या डोक्यात तिडीक गेली. केस आठवतात, आणि बाकीचं गिळून बसलात?

हॉलमध्ये आदल्या दिवशी लग्न झालेलं दिसत होतं. थर्माकोलची कमान तशीच होती, तिच्यावर नुसता काळा पडदा सोडला होता. पहिल्या रांगेत सोफे. आम्ही बसलो, मावा जलेबीच्या प्लेटी फिरल्या, आणि भाषणं सुरू झाली. एक साहेब बोलले, दुसरे बोलले, तिसऱ्यांनी तर माईक सोडेचना. बाबांनी थोडा वेळ त्यांच्या ओठांकडे बघितलं, मग माझ्या गुडघ्याला हात लावून हळूच खूण केली. एक हात गोल, दुसरा तळवा उघडा. मशीन रिकामं चालतंय. मला फस्सकन हसू आलं. पदर तोंडात धरावा लागला. त्या क्षणी बाबा मला आवडलेही, आणि त्याचाही राग आला.

मग ती आली. पोस्टरवरची नाही, आताची. अंगानं सुटलेली, केस तसेच आखूड पण रंगवलेले, गुडघ्यात वाकून चालणारी. कानात तेच एक डूल. स्टुलावर बसायला तिला दोन दमात चढावं लागलं. आपण तीस वर्षं कुणाला तरी सतरा वर्षांच्या डोळ्यांनी जपून ठेवतो आणि ते माणूस तिकडे म्हातारं होत असतं.

ती हिंदीत बोलत होती, छान बोलत होती. आणि मी बाबांना सांगत होते. पण सांगणार कशी? कारखान्याच्या भाषेत मुंबई नाही, प्रसिद्धी नाही, प्रेम नाही. ती म्हणाली, सुरुवातीला मुंबईनं मला दारात उभं केलं नाही. मी केलं, मोठं मशीन, साहेब, गेटवर अडवलं. बाबांनी मान हलवली. ती म्हणाली, मग एका संगीतकारावर जीव जडला. मी केलं, कागद चढला. ती म्हणाली, तीन वर्षांत संसार मोडला. मी दोन मुठी झटक्यात वेगळ्या केल्या, कागद तुटला. बाबांनी बोटांनी विचारलं, किती वेळा? मी दोन बोटं दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला. मागच्या सोफ्यावरची बाई माझ्या हातवाऱ्यांना वैतागली होती. वैतागू दे.

आणि मग ती म्हणाली, आता एक गाणं, जे कुणी मागत नाही, पण माझं स्वतःचं सगळ्यात आवडतं. मला कळलं कोणतं. बी साईडचं पहिलं.

स्पीकरमधून वाद्यं सुरू झाली, आणि आवाज आला. तोच. इतकी वर्षं झाली आणि आवाज जरासुद्धा बदलला नव्हता. मी रडायला लागले. खोटं कशाला सांगू, हुंदके देऊन रडले. मागे लोकांनी मोबाईलचे दिवे लावून हलवायला सुरुवात केली. मी खुणा करायचं विसरून गेले होते. बाबांनी माझ्या गुडघ्याला हात लावला. मी बघितलं. एक हात गोल, दुसरा तळवा उघडा.

"गप्प बसा," मी ओठांनी म्हटलं. माझा संताप झाला. हिच्याबद्दल पण? हिच्याबद्दल पण तुमचं तेच?

त्यांनी पुन्हा तीच खूण केली, या वेळी सावकाश, जशी नव्या माणसाला शिकवतात. मग स्वतःच्या मानेवर, कानाखालून गळ्यापर्यंत, बोटानं एक रेघ ओढली, आणि स्टेजकडे बोट दाखवलं. मी डोळे पुसून बघितलं. ती शेवटच्या उंच सुरावर आली होती. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले, आणि मान लोण्यासारखी मऊ. एक शीर ताणलेली नव्हती. श्वास तर छातीत हललासुद्धा नाही. आणि तिनं माईक अर्धा क्षण आधी खाली घेतला, तरी सूर वर तसाच राहिला.

शेवटच्या ओळीच्या आधी तो बारीकसा श्वास असतो ना, तो मला ठाऊक होता. पेन्सिलीनं रीळ फिरवून फिरवून मी तो हजार वेळा ऐकला होता. कॅसेटच लावली होती बाईनं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. हॉलभर एवढी माणसं, आणि चोरी पकडली ती एका बहिऱ्यानं.

मला तिचा राग आला नाही. वाईट वाटलं, फार. म्हणजे हिचंही संपलं. मी शिव्याशाप देत घरात बसून गमावलं आणि हिनं जगभर गाऊन गमावलं, आणि शेवटी आम्ही दोघी तिथेच.

बाबांनी परत माझ्या गुडघ्याला हात लावला. माझ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या मानेवर तीच रेघ ओढून बोट ताठ उभं केलं. तुझी शीर उभी राहायची. मी बघतच राहिले. पण तेवढ्यात ती स्टुलावर सावरून बसली आणि म्हणाली, अब पापा की बात. ज्यासाठी आले होते ते हेच. मी हात उचलले.

सगळं केलं मी. बाप, रेल्वे, पोरीचा हात धरला, चालत नेलं, ऊन, दिवसभर उभा. पहारेकऱ्याचा प्रश्न केला. 'माझी आहे म्हणजे छानच गात असणार' याला खूण नव्हती, म्हणून त्यांच्याकडे वळून ओठांनी म्हटलं, एकेक अक्षर तोडून. बाबा बघत होते, डोळ्याचं पातं न हलवता. आणि मग मी थांबायला हवं होतं, पण नाही थांबले. "आणि तुम्ही काय म्हणालात?" मी म्हटलं. "मास्तरांसमोर. आठवतं? साधारण. का म्हणालात तसं?"

बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. बाबा कारखान्यातल्यासारखे मोठ्यानं बोलले. "मला ऐकूच आलं नव्हतं ना, पोरी!"

अख्खा हॉल वळला. ती बोलायची थांबली, आमच्याकडे बघून गोड हसली आणि माईकवर म्हणाली, "अंकल, आवाज़ नहीं आ रही क्या?" लोक खदाखदा हसले. तिनं कोपऱ्यातल्या साउंडवाल्याला हात केला आणि त्यानं आमच्यासाठी स्पीकर वाढवला. बाबांना वाटलं काही तरी चांगलं बोलली असेल. त्यांनी तिला हात जोडले. मी त्यांचा दंड धरला आणि बाहेर घेऊन आले.

बाहेरच्या ओट्यावर जलेबीवाल्याची रिकामी परात पडली होती. तिच्या बाजूला आम्ही बसलो. ऊन उतरलं होतं. मी म्हटलं, "तेव्हा तुमचे कान गेलेले नव्हते. तुम्ही रिटायर पण झाला नव्हता."

"चाळिशीतच गेले," बाबा म्हणाले. "ढगासारखी घरघर यायची. माणसाचा आवाज नाही. बाईमाणसाचा तर नाहीच."

"आणि मशीन?"

त्यांनी ओट्याच्या फरशीवर तळवा टेकवून दाखवला. हातानं ऐकायचे. मशीनच्या पायावर हात ठेवला की थरथर बदलल्याचं कळायचं. कुणाला समजलं असतं तर मशीनवरून उतरवून गोदामात बसवलं असतं, आणि बाबांना ते मरणासारखं होतं. मास्तर कॉलनीतलेच, त्यांना सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गेटवर गेलं असतं. मी विचारलं, आईला ठाऊक होतं? त्यांनी मान हलवली. हो. मला आईचं ताट वाढणं आठवलं. ती आधी त्यांच्या खांद्याला हात लावायची आणि मग समोर येऊन बोलायची. मला वाटायचं, प्रेम.

"मग साधारण का?" मी विचारलं. "नाही म्हणायचं होतं सरळ."

"रिळाची खात्री नसली की काय लिहायचं?"

मला माहीत होतं. कॉलनीतल्या कुठल्याही पोराला माहीत होतं. उत्तम लिहिलं आणि छापताना फाटलं तर नाव जातं. रद्दी लिहिलं तर चांगला कागद परत लगद्यात जातो. खात्री नसली की साधारण.

"तू मन लावून गात होतीस, ते दिसत होतं," बाबा म्हणाले. "शीर उभी होती. पण सूर कसा ते मला काय कळणार? चांगलं म्हटलं असतं आणि तिकडे तुला कुणी हसलं असतं तर? वाईट म्हणवेना. म्हणून मधलं लिहिलं." लिहिलं, असंच म्हणाले ते.

माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. इतकी वर्षं मी ह्या माणसावर रागावून उभी होते. त्या रागाला टेकूनच उभी होते म्हणा ना. आता कुणावर रागावू? शब्द परत घ्या म्हणून आले होते, आणि त्यांनी तो माझ्याबद्दल कधी उच्चारलाच नव्हता. त्यांनी न ऐकलेल्या रिळावर चिठ्ठी लावली होती आणि मी ती आयुष्यभर कपाळावर मिरवली. मास्तर कधीच गेले. आई गेली. माझा आवाज कुठल्या कॅसेटवर नाही. तो कसा होता हे आता कुणालाच ठाऊक नाही, मलासुद्धा नाही. आत ती ए साईडचं गाणं लावून टाळ्या घेत होती. बाबांनी रिक्षाला हात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेले तेव्हा नळ सोडून गाऊन बघितलं. आवाज निघाला नाही असं नाही. निघाला आणि दुसऱ्या ओळीला फाटला. पुढे गेलाच नाही. उंच सुराचं तर नावच नको. मी नळ बंद केला आणि कपडे धुतले.

बाबा मागच्या अंगणात उन्हाला बसले होते. मी दोरीवर कपडे टाकत होते. त्यांनी टाळी वाजवून मला बोलावलं, समोरच्या दगडाकडे बोट केलं, बस. मग तोंडाजवळून पाचही बोटं उघडत पुढे नेली. गा. आणि तळवा उलटा करून दाखवला, कॅसेट उलटतात तसा. बी साईड.

"आता कशाला?" मी म्हटलं.

"बघू दे," बाबा म्हणाले. "बघून सांगतो."

स्वयंपाकघरात हे फोनवर बोलत होते. भिंतीपलीकडे शेजारीण धुणं बडवत होती. तो फाटका आवाज कुणी ऐकावा असं मला वाटेना, आणि बाबांना तर काय, आवाज असला काय नसला काय. म्हातारा माणूस आहे, त्याचं मन राखावं. मी दगडावर बसले आणि नुसते ओठ हलवले. शब्द सगळे पाठ होते. दोन्ही कडवी केली. शेवटच्या ओळीच्या आधी तो बारीक श्वाससुद्धा घेतला, मान मागे टाकली, डोळे मिटले आणि त्या उंच सुरावर तोंड उघडं ठेवून थांबले, जेवढं थांबायचं असतं तेवढं.

डोळे उघडले तेव्हा बाबा माझ्या मानेकडे बघत होते, त्या दिवशी खाटेवर बसून बघितलं होतं तसंच, नजर न हलवता. मग एक हात गोल फिरवला, आणि दुसऱ्याचा तळवा माझ्यासमोर उघडा धरला.

मी मान हलवली. हो म्हटलं. त्यांनी तो तळवा तसाच माझ्या डोक्यावर ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि काढला. मग अंगठा ओठाला लावला. मी उठले आणि चहा टाकला.